मामांचं प्लास्टर आणि उंदरांची मांडी

पहाटे ५:३०. वीज आहे तोवर काम उरकायचं, हा सोनाळ्यातला माझा पहिला नियम. सुट्टीला गावी आलो, पण हार्ड डिस्कवर उंदरांच्या मोडलेल्या मांड्या सोबत आल्यात. एकेका हाडाचे मायक्रो-सीटीचे शेकडो काप असतात. प्रत्येक कापावर नव्या हाडाची कड आखायची. कंटाळवाणं काम, पण हे संगणकावर सोपवलं की तो जुन्या हाडालाही नवं म्हणतो.

७:००. सातव्या दिवसाचे काप. मोडल्या जागी चित्रात जवळजवळ काहीच नाही. तिथं कूर्चा भरलेली असते, पण तिच्यात कॅल्शियम नसल्यानं क्ष-किरणांना ती दिसत नाही. सॅफ्रॅनिन-ओ रंग दिलेल्या काचपट्टीवर मात्र तीच जागा लालभडक दिसते. चौदाव्या दिवसाच्या कापांत पांढरे ठिपके, एकविसाव्याच्या कापांत दोन्ही टोकांना जोडणारा हाडाचा पूल.

९:००. मामा आले. संत्र्याच्या बागेत पाय घसरून पडले, मनगट मोडलं, प्लास्टरला तिसरा आठवडा चालू आहे. पडद्याकडे पाहून म्हणाले, "उंदराचं तीन हप्त्यात जुडते, मंग माहं काऊन नाही रे?"

"तुमचं हाड केवढं, त्याचं केवढं! मनगटाला सहा आठवडे तरी धरा, मामा. प्लास्टर काही जोडत नाही, नुसतं धरून ठेवते."

सोबत आलेल्या मामींनी हाड जुळावं म्हणून पदराआडून कांडवेल काढली. कुंपणावरची, चौकोनी दांड्याची. उडुपा आणि प्रसाद यांनी १९६०च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात तिच्यावर प्रयोग केले होते, आणि प्राण्यांमधले निष्कर्ष आशा वाटावी असेच होते. माणसांवरचा पुरावा अजून तोकडा आहे. मी एवढंच विचारलं, "लेप लावायचा कुठं मामी, प्लास्टरवर?" मामाच आधी हसले.

१०:००. हसता हसता मामांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. दुखतं म्हणून कुणालाही न विचारता मेडिकलमधून आणलेली. इथं मात्र मी गंभीर झालो. हाड मोडलं की रक्त साकळतं, सूज येते, आणि त्या सुजेतूनच दुरुस्ती करणाऱ्या पेशींना सांगावा जातो. कॉक्स-२ हे विकर नसलेल्या उंदरांत हाड जुळणं रखडतं, हे २००२ सालच्या संशोधनात दिसलं. या गोळ्या त्याच विकराला अडवतात. माणसांत त्यांनी किती अडतं यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. पण मनमानी घेतल्या तर त्या मूत्रपिंडाला जाचतात, याबद्दल वाद नाही. आणि आमच्या संग्रामपूर तालुक्यात मूत्रपिंडाचा विषय हलक्यात घेता येत नाही.

दुपारी १२:००. वीज गेली, तशी वही उघडली. सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याशी. इथून खाली पूर्णा नदीकडं उतरत गेलं की खारपाणपट्टा, खाऱ्या भूजलाचा. संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांत मूत्रपिंडाच्या रुग्णांची चर्चा घरोघर आहे, आणि लोकांचं बोट पाण्याकडं जातं. वान प्रकल्पाचं पाणी गावोगाव न्यायची योजना आली ती उगाच नाही. लोक डायलिसिसचं बोलतात. हाडांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला तोच भाग जाणवतो. उन्हातून त्वचेत तयार झालेलं ड जीवनसत्त्व आधी यकृतात आणि शेवटी मूत्रपिंडात बदलतं, तेव्हा कुठं ते कामाला लागतं. मूत्रपिंड थकलं की हा शेवटचा टप्पा मंदावतो, रक्तातलं फॉस्फेट वाढतं, गळ्यातल्या इवल्या परावटू ग्रंथी चेकाळतात आणि हाडातलं कॅल्शियम रक्तात ओढून घेतात. अशा माणसाला दुधाचा आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचा रतीब लावून भागत नाही. त्याचं हाड सहज मोडतं, जुळायलाही त्रास देतं. त्यामुळं या पट्ट्यात कुणाचं हाड किरकोळ धक्क्यानं मोडलं तर एक्स-रेबरोबर मूत्रपिंडाची हालत सांगणारं क्रिएटिनिनही तपासावं, असं माझं ठाम मत आहे. तपासणी साधी आहे, रक्ताचीच.

४:००. वीज आली. एकविसाव्या दिवसाचे उरलेले काप. एका उंदराचा पूल अर्धाच. वजनाची नोंद काढून पाहिली, तो आधीपासूनच खंगलेला. त्याला वगळायचा मोह होतो. वगळला नाही, शेरा लिहून ठेवला.

७:३०. मार्गदर्शकांना मेल. आजवरचे आमचे सगळे उंदीर धडधाकट होते. मोडल्या हाडांनिशी दवाखान्यात येणारी माणसं तशी नसतात. पुढच्या गटाला अ‍ॅडेनिन मिसळलेलं खाद्य देऊन आधी मूत्रपिंड दुबळं करायचं आणि मग हाड जुळताना पाहायचं, असा प्रस्ताव. प्राणी-नैतिकता समितीचा अर्ज जोडला. मेल जायला वेळ लागतोय. नेटवर्क गच्चीवरच नीट मिळतं.