कानापुढची गाठ आणि चेहऱ्याची नस

"कानापुढच्या गाठीला सुरी लागली की तोंड वाकडं होतं." बार्शीटाकळीसारख्या गावांतल्या घरांत ही भीती खोल रुजलेली आहे. म्हणून गाठ वर्षानुवर्षे ओढणीखाली झाकून राहते, आणि घरात मुलीचं लग्न ठरायचं असेल तर अधिकच.

भीती अगदीच निराधार नाही. कानापुढे लाळेची मोठी ग्रंथी असते. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडाखालून बाहेर पडते, या ग्रंथीत शिरते आणि पाच मुख्य फांद्यांत पसरते. खालच्या ओठाची फांदी दुखावली तर वुझूच्या गुळणीचं पाणी कोपऱ्यातून गळतं. पापणीची दुखावली तर डोळा मिटत नाही, कोरडा पडतो, बुबुळाला जखम होते.

म्हणूनच जाणता सर्जन आधी नस शोधतो, गाठीला नंतर हात घालतो. कानाच्या कुर्चेचं टोक, कानामागच्या हाडाची फट, जबड्याखालचा एक स्नायू, या खुणांवरून नसेचं खोड सापडतं. मग एकेक फांदी जपत गाठ भोवतालच्या ग्रंथीसह काढली जाते. काही ठिकाणी नसेवर नजर ठेवणारं यंत्रही लावतात. त्याची मदत होते, पण सरावलेल्या हाताची जागा ते घेत नाही. जबड्याखालच्या गाठीसाठी चीर जबड्याच्या काठावर न घेता दोन बोटं खाली घेतात, ती ओठाच्या फांदीला वाचवण्यासाठीच. तान्ह्या बाळाच्या कानामागचं गळू तर फारच नाजूक. तिथलं हाड वाढलेलं नसतं आणि नस कातडीजवळ असते.

तेव्हा अशी गाठ जवळच्या दवाखान्यात जागा बधिर करून 'जराशी कापून' घेऊ नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो. आधी सोनोग्राफी आणि बारीक सुईची तपासणी व्हावी. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागाला दाखवता येईल. "डॉक्टरसाहेब, अशी ऑपरेशनं आपण नेहमी करता का? नसेचं काय?" हे अदबीने विचारण्यात बेअदबी नाही.

ऑपरेशननंतर ओठ थोडा उतरला तरी धीर सोडू नये. नस शाबूत असेल तर हा अशक्तपणा बहुतेकदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो. तोवर डोळ्यात थेंब, रात्री मलम आणि पापणीवर पट्टी.

या ग्रंथीतल्या 10 पैकी सुमारे 8 गाठी कर्करोगाच्या नसतात. पण त्यांतली नेहमी आढळणारी गाठही फार वर्षं ठेवली तर कर्करोगात बदलू शकते. आणि ऑपरेशनआधीच, गाठीच्या बाजूचा चेहरा लुळा पडू लागला तर लेप-ताविजात दिवस घालवू नयेत. अशा वेळी कधी नसेचा तुकडाच काढावा लागतो, आणि पायाची किंवा मानेची नस घेऊन तिथे जोडावी लागते.