सीटी स्कॅनमध्ये हाडेही पाहून घ्या

मूतखडा आहे का, छातीत गाठ आहे का, हे पाहण्यासाठी डॉक्टर सीटी स्कॅन लिहून देतात. कष्टकरी घरात त्यासाठी उसनवारीही करावी लागते. रिपोर्ट कळला की पाकीट गादीखाली जाते. परंतु त्याच स्कॅनमध्ये आपला कणाही आलेला असतो, याकडे आपले लक्ष नसते.

हाडे ठिसूळ होण्याच्या आजाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाड मोडेपर्यंत तो बहुधा कळतच नाही. पाळी गेल्यावर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात. वाढते वय, तंबाखू, दारू आणि फार दिवस घेतलेली स्टिरॉइडची औषधे यांमुळे पुरुषांनाही हा आजार होतो. मग मोरीत पाय घसरायचे निमित्त होते, खुबा मोडतो आणि घर सांभाळणारी आजी अंथरुणाला खिळते.

यासाठी डेक्सा नावाची तपासणी असते; पण ते यंत्र सगळीकडे नसते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डॉ. पेरी पिकहार्ट व सहकाऱ्यांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १,८६७ प्रौढांचे दुसऱ्याच कारणांसाठी काढलेले सीटी स्कॅन त्यांनी डेक्साशी ताडून पाहिले. कमरेच्या सर्वांत वरच्या मणक्याची घनता संगणकावर मोजली. या मापाला सीटीचे संशोधक हौन्सफिल्ड यांचे नाव आहे. त्यात पाणी शून्य आणि हवा उणे १,००० धरतात. मणक्याचा आकडा १६० च्या वर असेल तर ठिसूळपणाची शक्यता कमी. ११० च्या खाली असेल तर दाट शक्यता, असे आढळले. विशेष म्हणजे ज्या ११९ जणांचे मणके बरेच दबलेले होते, त्यांतील निम्म्याहून अधिक जणांच्या डेक्सात ऑस्टिओपोरोसिस दिसलाच नव्हता.

तेव्हा आपण काय करावे? पोटाचा किंवा छातीचा स्कॅन झाला असेल तर, "डॉक्टर, यात मणके दबलेले दिसतात का? हाडांची घनता किती आहे?" असे विचारावे. विचारण्यात संकोच कसला? पैसे आपण भरलेले आहेत. घनता संगणकावर मोजतात, म्हणून फिल्मबरोबर सीडीही मागून घ्यावी व जपून ठेवावी.

मात्र केवळ हाडांसाठी नवा सीटी काढू नये. त्यात डेक्सापेक्षा कितीतरी पट जास्त किरण अंगावर पडतात. शिवाय शिरेतून औषध देऊन स्कॅन केला असेल तर आकडा थोडा वाढलेला दिसतो. म्हणून आकडा कमी आला की घाबरून न जाता डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढील तपासणी करावी. या आजारावर औषधे आहेत.

घरातील पन्नाशी ओलांडलेल्या आई, आत्या, मावशीचे जुने स्कॅन असतील तर ते या आठवड्यातच बाहेर काढा आणि पुढच्या खेपेस डॉक्टरांकडे घेऊन जा.