जवळून पाहणें, जवळून ऐकणें

एका दिवसांत मुंबईंतील सारी कला पाहूं म्हणणाऱ्याचे पाय तेवढे दुखतात. १९२२ सालीं लोकांस खुल्या झालेल्या, आज छत्रपति शिवाजी महाराजांचें नांव धारण करणाऱ्या वस्तुसंग्रहालयांतील लघुचित्रेंच घ्या. तीं हातांत धरून न्याहाळण्यासाठीं काढलेलीं. दुरून नुसत्या रंगीत चौकटी वाटतात. इतर दालनें खुशाल सोडावीं, पण एका चित्राच्या कांचेपाशीं घटकाभर थांबावें; मग झाडाचें पानन्‌पान निराळें दिसूं लागतें. दुपारीं इराण्याकडे ब्रून-मस्का चहांत बुडवावा. घाई तेथेंहि नको.

रागदारी गाणेंहि असेंच, दिवाणखान्यांतलें. हजार माणसांत तें कसें जगावें? नरिमन पॉइंट येथें १९८० मध्यें उघडलेल्या टाटा नाट्यगृहाच्या रचनेंत हाच विचार आहे: ध्वनिवर्धकावांचून सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोंचावा. सायंकाळीं तेथें मैफल असेल, तर तंबोरे जुळत असतांनाच जाऊन बसावें.