फुकटचं पिल्लू, महागाचं कुत्रं

मिरजगावच्या वस्त्यांवर पैसे मोजून कुत्रं आणणारा माणूस आजही शोधावा लागतो. कडब्याच्या गंजीच्या आडोशाला कुत्री व्याली, की पिल्लांचे डोळे उघडायचा अवकाश, शेजारच्या वस्तीवरची पोरं हजर. मानगूट धरून उचलायचं, नर आहे का बघायचं, शर्टात घालून चालू पडायचं. पैसा नाही, कागद नाही. शहरांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्यासाठी दत्तक मेळावे भरवावे लागले, ते नगर जिल्ह्यातल्या या कर्जत तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्यामुळे मोकाट कुत्र्यांचं सरकारी धोरण बदललं त्या २००१ पासून २०२५ पर्यंतच्या काळाकडे मिरजगावातून मागे वळून पाहिलं, तर चित्र जरा उलटं दिसतं. पिल्लू फुकट मिळण्याची इथं कधी अडचण नव्हतीच. अडचण सुरू होते ते पिल्लू वर्षाचं झाल्यावर, आणि तेव्हा विचारावं असं कोणी नसतं.

या फुकटच्या देवाणघेवाणीत एक मेख आहे. नर उचलले जातात, माद्या उरतात. उरलेल्या माद्या पोत्यात घालून रात्री कुठंतरी नेऊन सोडायच्या: बाजारतळावर, एखाद्या हॉटेलामागं, नाहीतर नगर–सोलापूर रस्त्याच्या कडेला. ज्या जगतात त्या वर्षाच्या आत व्यायला येतात, आणि तेच चक्र पुन्हा. गावात ‘कुत्री लई झाली’ म्हणून ओरडणाऱ्यांत ही पोती बांधणारेही असतातच. बाहेर टाकलेल्या पिल्लांचं पुढं काय होतं, याचा हिशेब अनिंदिता भद्रा यांच्या कोलकात्याच्या संशोधक गटानं पश्चिम बंगालमध्ये मांडला. रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर त्यांनी लक्ष ठेवलं. सात महिन्यांपर्यंत जगली ती १९ टक्के. मेलेल्यांपैकी बहुतेकांच्या मृत्यूत माणसाचा हात होता, गाडीखाली म्हणा, विषानं म्हणा. रुईछत्तिशी, मिरजगाव, माहीजळगाव हा रस्ता रुंद आणि वेगवान झाल्यापासून आपल्याकडं हे सांगायला संशोधक लागत नाही.

नगर जिल्ह्यात जनावराला मोल नाही असं मात्र नाही. काष्टीच्या बाजारात बैलाचे दात मोजून भाव ठरतो, घोडेगावला म्हशीची कास बघून, आणि मढीच्या यात्रेत तर गाढवांचाही बाजार भरतो. कुत्रं तेवढं या हिशेबाबाहेर राहिलं. अपवाद कारवान आणि पश्मीचा. सोलापूर-लातूरकडं या लांब पायांच्या, बारीक कमरेच्या कुत्र्यांना पूर्वीपासून गिऱ्हाईक आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी हेच रक्त जोपासलं आणि मुधोळ हाउंड म्हणून नावारूपाला आणलं. २००५ मध्ये त्यावर टपाल तिकीटही निघालं. पण ही कुत्री बहुतेक सशामागं सोडायला घेतली जात. शिकार कायद्यानं बंद होऊन पन्नास वर्षं झाली तरी हौस काही गेलेली नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आता २००१ कडं येऊ. त्याआधी मोकाट कुत्र्यांवर सरकारी उपाय बहुतेक ठिकाणी एकच होता: मारणं. त्याला महाराष्ट्रात विरोधही जुना आहे. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी रस्त्यावर उतरले आणि किल्ल्यातला बाजार बंद पडला. पुढं १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था मुंबईत उभी राहिली आणि १८८३ मध्ये परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय सुरू झालं. तरी मारणं थांबलं नाही. २००१ च्या डिसेंबरमध्ये केंद्रानं श्वान प्रजनन नियंत्रणाचे नियम काढले तेव्हा कुठं देशभराचं धोरण बदललं: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, कानाला खाच मारा आणि जिथून उचललं तिथंच सोडा. महापालिकांना हे कसंबसं झेपलं. जिथं माणसांसाठी डॉक्टर मिळायची मारामार, त्या गावांपर्यंत ते पोचलंच नाही.

नेमक्या त्याच वर्षांत शहरात एक वेगळीच हौस बोकाळली. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका पोरामागं धावणारा पग आला आणि घराघरांत पग हवा झाला. मग लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पुढं रॉटवायलर. आमच्याकडं ही लाट दहा वर्षं उशिरा आली, पण आली. बंगला बांधला, फाटक बसलं, की फाटकाला शोभेल असं कुत्रं. नगरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली धापा टाकणारा केसाळ शेफर्ड बघितला, की मालकाची हौस आणि कुत्र्याचं नशीब एकदम लक्षात येतं. पैदास आणि विक्रीवर नोंदणीचं बंधन घालणारे नियम २०१७ आणि २०१८ मध्ये झाले. बाजार तोवर मोबाइलवर गेला होता. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या अनेकांनी पिल्लं घेतली, आणि कामं पुन्हा सुरू झाल्यावर त्यातली बरीच रस्त्यावर आली.

या हौशीला उत्तर म्हणून मुंबई-पुण्यात दत्तक घेण्याची चळवळ वाढली. मुंबईच्या ‘वर्ल्ड फॉर ऑल’ संस्थेनं मोठे मेळावे भरवले. तिच्यासाठी छायाचित्रकार अमोल जाधव आणि कलादिग्दर्शक प्रणव भिडे यांनी केलेल्या जाहिराती जगभर गाजल्या: दोन माणसांमधल्या मोकळ्या जागेतच कुत्र्याचा किंवा मांजराचा आकार दिसतो. पण या मेळाव्यांची खरी कमाई त्या चित्रांत नव्हती. पिल्लू देण्याआधी घरी कोण कोण आहे, दिवसभर कुत्रं कुठं राहणार, असे प्रश्न विचारायची आणि दिल्यानंतरही फोन करून चौकशी ठेवायची रीत तिथं पडली. गावात पिल्लू दिलं की संबंध संपला.

आणि नेमकं तिथंच सगळं बिघडतं. वस्तीवरच्या कुत्र्याच्या तक्रारी ठरलेल्या असतात. मोटारसायकलमागं धावतं, कोंबड्या मारतं, पाहुण्याला चावलं, रात्रभर भुंकतं. यावरचे आपले इलाजही ठरलेले: कान कापले की तिखट होतं, अंधारात कोंडलं की राखण चांगली करतं, भाकरीबरोबर मिरची चारली की चिडकं होतं, आणि हाताबाहेर गेलं की दिवसभर साखळी. यातला प्रत्येक उपाय कुत्र्याला अधिक भित्रं करतो, आणि भ्यालेलं कुत्रंच सहसा चावतं. भद्रा यांच्या गटाच्या दुसऱ्या एका अभ्यासात रस्त्यावरच्या कुत्र्यांना बोटानं वाडगं दाखवलं गेलं. निम्मी कुत्री भीतीनं जवळच आली नाहीत. जी आली, त्यातल्या दहांपैकी आठांनी बोटाची खूण ओळखली. अक्कल कमी नव्हती, भीती जास्त होती.

भीती कधी बसते, हे अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९६५ मध्येच दाखवून दिलं होतं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, हुंगतं, ज्या हातांत खेळतं, ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. आपण डोळे उघडल्या-उघडल्या पिल्लू आईपासून तोडतो, म्हणजे चावा किती हळू घ्यायचा हे भावंडांकडून शिकायच्या आधीच. मग त्याला खुंट्याला बांधतो, म्हणजे लहान मुलं, परकी माणसं, गाड्या यांची ओळख व्हायच्या वयात ते एकटं पडतं. आठ आठवडे आईजवळ ठेवा आणि पुढचा महिनाभर पोराबाळांत, शेरडांत, रस्त्याच्या आवाजात फिरवा, एवढं सांगायला पैसे लागत नाहीत. शिरीन मर्चंट यांच्यासारख्यांनी मुंबईत श्वानवर्तनाचा सल्ला हा व्यवसाय म्हणून उभा केला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण त्याचा पत्ता वस्तीवरच्या माणसाला नाही, आणि पशुवैद्याकडं तो गाय घेऊन जातो, कुत्र्याचा स्वभाव घेऊन जात नाही. पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ क्रमांकावर फोन लावणाराही गाईसाठीच लावतो.

लस आणि असा सल्ला, दोन्ही मोफत पोचवून दाखवलं ते गोव्यानं. २०१३ पासून ‘मिशन रेबीज’ आणि गोवा सरकार मिळून दरवर्षी हजारो कुत्र्यांना लस देत गेले; पुढं हा आकडा वर्षाला लाखाच्या घरात गेला. त्याबरोबर शाळाशाळांतून मुलांना शिकवलं: अनोळखी कुत्रं आलं तर पळू नका, झाडासारखं उभं राहा, चावलं तर जखम पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्यानं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. कुत्र्यांमधला रेबीज तिथं नव्वद टक्क्यांहून अधिक घटला आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. आमच्याकडं अजून जखमेवर चुना आणि मिरची लावणारे भेटतात. लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे. चावलेलं कुत्रं दहा दिवस बांधून निरखायचं असतं, मारायचं नसतं, हेही फुकटच सांगण्यासारखं.

मोकाट कुत्र्यांचा भार माणसांवरच पडतो असंही नाही. याच तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, १९८० सालचं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. पाडसांच्या मागं लागणारी कुत्री तिथं कुंपण मानत नाहीत. पुण्याच्या माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं अलीकडं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्या खाण्यातला सर्वांत मोठा वाटा, वजनानं जवळपास ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. म्हणजे उसात शिरलेल्या बिबट्याला गावाजवळ टिकवण्यात आपल्या मोकाट कुत्र्यांचाही हात आहे.

२०२३ च्या मार्चमध्ये २००१ चे नियम जाऊन नवे आले. त्यात नसबंदी आणि लसीकरणाची जबाबदारी महापालिकांबरोबर पंचायतींवरही आली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बरंच घडलं. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असा आदेश निघाला. २२ ऑगस्टला तो बदलून नसबंदी झालेली कुत्री परत सोडायची मुभा मिळाली, आणि प्राणिप्रेमींना अर्ज करून रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेता येईल, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, अशी अटही आली. ७ नोव्हेंबरच्या आदेशानं शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं यांच्या आवारातली कुत्री तिथून हलवायला सांगितलं. मिरजगावात दत्तकासाठी अर्ज कोण करणार? पिल्लू तर मागेल त्याला मिळतं. ती अट मात्र इथं सर्वांत आधी लागू व्हायला हवी, कारण आपल्याकडं दिलेलं कुत्रं रस्त्यावर परत येतंच.

एकट्या ग्रामपंचायतीला नसबंदीचं केंद्र परवडणार नाही, हे मान्य. शस्त्रक्रियेची खोली, नंतर काही दिवस ठेवायला पिंजरे, प्रशिक्षित पशुवैद्य आणि प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेली संस्था, एवढं सगळं लागतं. पण नगर–सोलापूर रस्त्यावरच्या पाच-सहा गावांनी मिळून एक केंद्र केलं आणि सुरुवात फक्त माद्यांपासून केली, सहाव्या महिन्यात, पहिल्या वेताच्या आधी, तर पोतं बांधायची वेळच येणार नाही. आणि त्याच दिवशी, कुत्री गुंगीतून बाहेर यायची वाट बघत बसलेल्या मालकाला अर्धा तास बसवून तिला कसं वागवायचं ते सांगता येईल. तेवढा वेळ त्याच्याकडं असतोच.