बाथरूमचा पंखा आणि तारांचे रंग

अमेरिकेत घर घेतलं की हातोडी-पान्याची कामंही हळूहळू आपल्याच गळ्यात पडतात. बाथरूमचा बंद पडलेला एक्झॉस्ट फॅन बदलणं हे त्यातलंच एक. जोडणी तशी सोपी: छतातली काळी तार पंख्याच्या काळीला, पांढरी पांढरीला आणि उघडी तांब्याची तार पंख्याच्या हिरव्या तारेला. खरा धोका जोडणीत नाही. तारेत वीज नाही असं गृहीत धरण्यात आहे.

आपल्याला तर हा धोका थोडा जास्तच. भारतात घरच्या वायरिंगमध्ये लाल तार फेजची, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची, हे डोळ्यांत बसलेलं. इथे काळी तारच १२० व्होल्टची. जिला आपला हात सवयीने निरुपद्रवी समजतो, तीच इथे जिवंत!

मग पांढरी तरी सुरक्षित का? तेही नाही. कित्येक जुन्या घरांत वीज आधी छतातल्या डब्यात येते आणि तिथून दोन तारांची केबल खाली बटणाकडे जाते. त्यातली पांढरी तार बटणापर्यंत वीज नेते, काळी ती पंख्याकडे परत आणते. अशा ठिकाणी बटण बंद असलं तरी ती पांढरी तार जिवंतच राहते. म्हणून पॅनेलमधला ब्रेकरच बंद करायला हवा. त्यावर चिकटपट्टी लावा, घरात सर्वांना सांगून ठेवा. पॅनेलवरची नावं चुकीची असू शकतात. त्यांच्यावर विसंबू नका.

आता चाचणी. भिंतीवरचं बटण चालूच ठेवा, नाहीतर भलताच ब्रेकर बंद केला असला तरी काळ्या तारेत वीज दिसणार नाही. मीटर एसी व्होल्टवर ठेवून आधी चालू असलेल्या प्लग पॉइंटवर लावा. १२० च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. मग उघड्या टोकांना हात न लावता काळी-पांढरी, काळी-तांब्याची, पांढरी-तांब्याची या तिन्ही जोड्या मोजा. डब्यात आणखी तारा असतील तर त्याही मोजा. शेवटी मीटर पुन्हा त्याच चालू पॉइंटवर तपासा. ही शेवटची पायरी गाळू नका. मधेच मीटर बिघडला असेल, तर शून्य दिसूनही तार जिवंत असू शकते. निऑनचा टेस्टर किंवा तारेजवळ नुसता धरायचा पेनसारखा टेस्टर अंदाज देतो, खात्री नव्हे. वीज नाही याची खात्री पटली की कोणती तार कुठे जोडली आहे ते लिहून ठेवा आणि मगच जुना पंखा सोडवा.

'ब्रेकर आहे की वाचवायला!' असं कुणी म्हणेल. १५ अँपियरचा ब्रेकर तारांना जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. हृदय बंद पाडायला एका अँपियरचा दहावा भागही पुरतो. माणसासाठी असतो तो जीएफसीआय. सुमारे ५ मिलिअँपियर वीज गळली की तो प्रवाह तोडतो. टब किंवा शॉवरच्या वर पंखा बसवायचा असेल, तर अशा जागेसाठी मान्यता असलेलाच घ्या आणि उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे जीएफसीआयवर जोडा.

परवाना लागतो का, हे आपल्या गावच्या कचेरीत आधी विचारा. आणि ब्रेकर बंद करूनही मीटर व्होल्ट दाखवत राहिला, किंवा डब्यात तांब्याऐवजी ॲल्युमिनिअमच्या तारा दिसल्या, तर शिडीवरून खाली उतरा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.