ईश्वरभय, ख्रिस्ती

ख्रिस्ती धर्मश्रद्धेतील व उपासनेतील एक मूलभूत भाववृत्ती. ईश्वराच्या पावित्र्याची व सामर्थ्याची जाणीव, तीतून उद्‌भवणारा पूज्यभाव, नम्रता व आज्ञाधारकता आणि ईश्वरापासून दुरावण्याची धास्ती यांचा या संज्ञेत समावेश होतो. शिक्षेच्या धाकाने वाटणाऱ्या भीतीशी तिचा संबंध असला, तरी ती तिच्याशी एकरूप नाही. मराठीतील ‘पापभीरू’ हा शब्द या अर्थच्छटेच्या जवळचा आहे. पापभीरू मनुष्य भित्रा असतोच असे नाही, तर सद्सद्‌विवेक जागा असलेला असतो.

‘जुन्या करारा’तील ‘यिरा’ या हिब्रू शब्दाने भीती आणि आदर हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. ‘नव्या करारा’तील ‘फोबॉस’ हा ग्रीक शब्दही असाच द्व्यर्थी आहे. मराठी बायबलमध्ये त्यांसाठी ‘भय धरणे’, ‘भय बाळगणे’ असे शब्दप्रयोग आढळतात. ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथात परमेश्वराचे भय हे ज्ञानाचे मूळ मानले आहे. या संकल्पनेतील दुहेरी अर्थ सिनाय पर्वतावरील प्रसंगात (निर्गम, अध्याय २०) स्पष्ट होतो. मेघगर्जनेने भेदरून दूर उभ्या राहिलेल्या इस्राएल लोकांना मोशे धीर देतो. त्याच वेळी पापापासून परावृत्त करणारे ईश्वराचे भय त्यांच्या ठायी असावे, असेही सांगतो. मूळ हिब्रू वचनात दोन्ही ठिकाणी एकाच धातूपासून बनलेले शब्द आहेत. परंतु पहिले भय मनुष्याला ईश्वरापासून दूर नेते, तर दुसरे त्याच्या आज्ञेशी बांधून ठेवते.

‘नव्या करारा’तही हा ताण कायम आहे. श्रद्धावंतांना दास्याचा नव्हे, तर पुत्रत्वाचा आत्मा लाभला आहे, असे पौल रोमकरांस लिहितो. मात्र फिलिप्पैकरांना तो आपले तारण भीत व कापत साधून घेण्यास सांगतो. योहानाच्या पहिल्या पत्रानुसार पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते. याउलट इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आदराने व भयाने उपासना करण्याचा उपदेश आहे.

या वरवरच्या विसंगतीचा उलगडा सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने दास्यभय व शुद्ध भय असा भेद करून केला. व्यभिचारी पत्नीला पती परत येईल याची भीती वाटते, तर पतिव्रतेला तो सोडून जाईल याची. भय दोघींनाही असते, पण त्याचे मूळ भिन्न असते. सुई कापडातून पार झाल्यावर मागे धागा राहतो, त्याप्रमाणे शिक्षेचे भय प्रीतीला वाट करून देऊन निघून जाते, असा दृष्टांतही त्याने दिला आहे. सेंट टॉमस अक्वायनस याने तेराव्या शतकात भयाचे ऐहिक, दास्य, प्रारंभिक व पुत्रोचित असे चार प्रकार मानले. त्याच्या मते प्रीती वाढते तसे पुत्रोचित भयही वाढते. शिक्षेच्या भीतीतून झालेला पश्चात्ताप अपूर्ण असला, तरी तो पापक्षमेच्या संस्कारासाठी मनाची तयारी करतो, असे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये घोषित केले. मार्टिन ल्यूथरने आपल्या ‘लघुप्रश्नोत्तरी’त (१५२९) दशाज्ञांचे विवरण करताना ईश्वराचे भय व प्रेम यांचा जोडीनेच उल्लेख केला आहे.

उपासनेत ही भावना शब्द, मौन व गुडघे टेकणे यांतून प्रकट होते. यशया संदेष्ट्याला मंदिरात झालेल्या दर्शनात (यशया, अध्याय ६) देवदूतांनी गायिलेली पवित्रतेची त्रिवार घोषणा मिस्सेत म्हटली जाते. बायझंटिन उपासनाविधीत प्रभुभोजनासाठी भाविकांना ईश्वराचे भय, श्रद्धा व प्रीती यांसह जवळ येण्याचे आवाहन करण्यात येते. येथे भय हे दूर राहण्याचे नव्हे, तर जवळ येण्याचे साधन ठरते. रोमन कॅथलिक परंपरेत ईश्वरभय हे पवित्र आत्म्याच्या सात दानांपैकी एक असून दृढीकरण संस्काराच्या वेळी बिशप त्यासाठी प्रार्थना करतो. या प्रार्थनेच्या विसाव्या शतकातील इंग्रजी भाषांतरात ‘भय’ या शब्दाऐवजी विस्मय व आदर या अर्थाचे शब्द योजले होते. एकविसाव्या शतकातील सुधारित भाषांतरात ‘भय’ हा शब्द पुन्हा स्वीकारण्यात आला.

जर्मन धर्मचिंतक रूडोल्फ ओटो याने ‘दास हायलिगे’ (१९१७) या ग्रंथात पवित्रतेच्या अनुभवात थरकाप व आकर्षण एकत्र नांदतात, असे प्रतिपादन केले. नरकयातनांच्या वर्णनांनी श्रोत्यांना धाक घालण्याचा मार्ग ख्रिस्ती प्रवचनकारांनी अनेकदा अवलंबिला. त्यातून भाविकांच्या मनात प्रीतीऐवजी दहशत रुजण्याचा धोका असतो. अंतिम न्यायाच्या भयाने भारलेले ‘दीएस ईरे’ हे मध्ययुगीन लॅटिन स्तोत्र १९७० च्या रोमन मिस्साग्रंथात अंत्यविधीच्या मिस्सेतून वगळण्यात आले व पुनरुत्थानाच्या आशेवर भर देण्यात आला. तथापि भयाचा भाव पूर्णपणे लोपल्यास ईश्वर हा मनुष्याच्या इच्छापूर्तीचे केवळ साधन ठरेल. म्हणूनच ख्रिस्ती विचारात भय व प्रीती परस्परविरोधी न मानता परस्परपूरक मानली आहेत.