मुखत्यारपत्र आणि मोबाईल

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात, सुरसागर तलावापासून हाकेच्या अंतरावर, गायकवाडी अमलापासून नांदत आलेल्या मराठी घराण्यांत, मुखत्यारपत्रावर सही करण्यापूर्वी प्रत्येक कलम वाचून घ्यावे, हा व्यवहार वडीलधारी मंडळी शिकवीत आली. मोबाईलवरील ॲपला आपण देतो ती परवानगीही तसाच अखत्यार होय. ‘संपर्क’ खुले केले, की वहीतील प्रत्येक नाव व क्रमांक, ‘स्थान’ दिले, की आपली जाण्यायेण्याची वाट त्या ॲपला कळू शकते. आणि त्या वहीतील आप्तेष्टांची संमती तर कोणीच विचारलेली नसते. मग केवळ विजेरी पेटविणाऱ्या ॲपला संपर्कवहीचे प्रयोजन काय?

२०१५ सालच्या अँड्रॉइड ६ पासून अशा संवेदनशील परवानग्या वापराच्या वेळी पृथक्‌पणे मागण्याची व मागाहून रद्द करण्याची सोय झाली. तरीही संपर्कवहीतील क्रमांक वापरून कर्जवसुलीसाठी ऋणकोच्या नातलगांना धमकावण्याचे प्रकार घडल्यानंतर, रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कर्ज देणाऱ्या ॲपांना संपर्क, कॉलच्या नोंदी व फोनमधील फाइली पाहण्यास मज्जाव केला.

तेव्हा वाचकहो, आज सेटिंग्ज उघडून परवानग्यांची यादी वाचा, आणि ज्या ॲपला ज्या गोष्टीची गरज नाही, तिचा अखत्यार निःसंकोच काढून घ्या.